धाकटीला आधी जाऊ द्या

ज्याला ही गोष्ट खोटी वाटेल त्याने घरी येऊन माझी राखाडी विजार बघावी. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. पुरावा म्हणून मी ती तशीच ठेवली आहे, आणि चारचौघांत जायचं असलं की मुद्दाम तीच घालतो. कोणीतरी विचारतंच, आणि विचारलं की माझी सुटका नाही आणि त्याचीही नाही.

आधी त्या गाड्यांबद्दल सांगायला हवं. चालवणारा माणूस गाडीतून कायमचा उतरला आणि गाड्या एकट्याच हिंडायला लागल्या, तेव्हा खरी पंचाईत झाली ती पायी चालणाऱ्यांची. पूर्वी रस्ता ओलांडताना आपण चाकांकडे थोडेच बघत होतो? बघायचो ते चालवणाऱ्याच्या तोंडाकडे. त्याने आठ्या घातल्या की थांबायचं, नजर चुकवली की पळायचं, आणि शिवी हासडली की निश्चिंत व्हायचं. कारण शिवी दिली म्हणजे आपण त्याला दिसलो आहोत. शिवीसारखी खात्रीची पोचपावती दुसरी नाही. आता काचेमागे कोणीच नाही. माणूस कडेला उभा, गाडी मध्ये उभी, दोघंही एकमेकांचा अंदाज घेताहेत, आणि मागे रांग.

मग गाड्या बनवणाऱ्यांनी त्यांना डोळे बसवले. पुढच्या बाजूला दोन गोल दिवे, त्यांत काळी बुबुळं, ती वळणारी. गाडीने तुमच्याकडे बुबुळं वळवली म्हणजे तिने तुम्हाला पाहिलं. डोळ्यांखाली दिव्यांची एक पट्टी. पट्टी स्थिर असली की गाडी थांबलेली, पट्टीतला उजेड पुढे पळायला लागला की गाडी निघणार. तुम्हाला वाट द्यायची असली की ती रस्त्यावर उजेडाचे पांढरे पट्टे अंथरते आणि गोड आवाजात म्हणते, "मी तुम्हाला पाहिलं आहे. मी थांबले आहे. आपण जावे."

सौजन्य म्हणावं तर इतकं की त्याने अंगावर काटा यावा. बाजाराच्या चौकात एक काका चष्मा कुठे ठेवला ते आठवत रस्त्याच्या कडेला उभे राहिले. गाडी थांबली. काकांना आठवेना, गाडी हलेना. शेवटी चष्मा त्यांच्याच नाकावर सापडला तोवर मागच्या गाड्यांतल्या दोन कुटुंबांची सोयरीक जुळली होती. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण सांगणारा माझ्याहून खरं बोलतो.

आता मास्तर. मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतला शिंपी. माप घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण त्याच्या तोंडात कायम टाचण्या. ओठांच्या कडेने ओळीने धरलेल्या, कुंपणासारख्या. गिऱ्हाइकाने "मास्तर, कधी मिळेल?" असं विचारलं की तो मान हलवायचा. मान उभी हलली की आडवी, ते गिऱ्हाइकाने आपापल्या नशिबाप्रमाणे समजून घ्यायचं. टाचण्या फक्त जेवताना निघायच्या, आणि तेव्हा तोंडात घास.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बरोबर उलट्या. वहिनी मुकाट बसल्या तर शेजारी डॉक्टरला बोलावतील. दुकानाची काजं सगळी त्यांच्या हातची. काज म्हणजे बटण ज्यातून जातं ते भोक. पण वहिनींनी केलेल्या काजाला भोक म्हणणं म्हणजे देवघराला कपाट म्हणण्यासारखं. मास्तरने आयुष्यात एकही काज केलं नाही. कापणं त्याचं, शिवणं त्याचं, काज-बटण वहिनींचं.

आणि तिसरी धाकटी. धाकटी म्हणजे दुकानातली कापडाची पुतळी, कपडे चढवून बघायची. लग्न नवं होतं तेव्हा मास्तरने वहिनींच्या मापाची ती स्वतः बनवली. दिवसभर मास्तर तिच्याच कमरेभोवती टेप घेऊन फिरतो म्हणून गल्लीने तिचं नाव ठेवलं धाकटी, म्हणजे धाकटी बायको. वहिनी स्वतःच म्हणायच्या, "धाकटी बरी. जेवायला मागत नाही आणि उत्तराची वाट बघत नाही."

त्या वाक्याचा दुसरा तुकडा मी तेव्हा नीट ऐकला नाही. कोणीच ऐकला नाही.

झालं काय, तर वहिनींच्या ताईने तिच्या गावात शिवणाचा वर्ग काढला. काजं शिकवायला कोणी मिळेना. ताईने निरोप धाडला, तू ये, इथेच राहा, खोली तयार आहे. वहिनींनी मास्तरला विचारलं ते माझ्यासमोर. मी माझी विजार टाकायला गेलो होतो. कंबर वाढवायची होती आणि पाय कमी करायचे होते. वयाचा न्याय असाच असतो, उंचीचं कापून पोटाला देतो.

"अहो, ताईचा निरोप आलाय. जाऊ का मी?"

मास्तर खडूने कापडावर रेघ ओढत होता. रेघ पुरी केली.

"गेले तर परत येईनच असं नाही. तिथे कोणी विचारलं तर उत्तर तरी देतात. जाऊ की राहू, एवढंच सांगा."

मास्तरने दुसरी रेघ ओढली.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही साक्षीला आहात. मी विचारलं होतं." आणि वर घरात जाऊन त्यांनी बॅग भरायला घेतली. वरचं सामान हलण्याचे आवाज खाली ऐकू येत होते, आणि प्रत्येक आवाजाला मास्तरची कात्री क्षणभर थांबत होती. तोंड मात्र कुंपणातच.

वहिनी निघाल्या त्या दिवशी दुपारी मी विजार आणायला गेलो. मास्तर म्हणजे शब्द पाळणारा. विजार जशी टाकली होती तशीच खुंटीवर. मला बघून त्याने अंगावरच्या विजारीकडे बोट केलं, म्हणजे मापाला काढून दे. अंगावरची काढली, ती त्याने मापाला पसरली, खुंटीवरची उसवायला घेतली, आणि मला कमरेला गुंडाळायला अस्तराचा एक तुकडा दिला. लाल, चकचकीत, बायकांच्या कोटाच्या आतला. असा मी स्टुलावर बसलो. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं मी त्या लाल तुकड्यात पाहिलं आहे.

मास्तरचं लक्ष माझ्या विजारीत नव्हतं. त्याने धाकटीला एक कोट चढवला. जांभळा, लांब, उंची कापडाचा. असा कोट या दुकानात कोणी शिवायला टाकला असता तर गल्लीला आधी कळलं असतं. धाकटीला डोकं नाही, म्हणून त्याने चिंध्यांचा एक गोळा केला, तिच्या मानेवर खोचला, आणि त्यावर वहिनींचा जुना रुमाल बांधला. मग तिला उचलून बाहेर पायरीवर, दाराच्या पलीकडच्या टोकाला नेऊन उभी केली. पायरी अरुंद. धाकटीच्या लाकडी बैठकीची एक बाजू पायरीच्या कडेबाहेर आली, आणि कोटाची कड खाली अशी लोंबली की वाटावं, बाई एक पाऊल रस्त्यात टाकून उभी आहे.

"हे काय रे?" मी विचारलं.

मास्तरने गल्लीच्या तोंडाकडे बोट केलं. वहिनींची गाडी इथूनच जाणार होती. स्टेशनकडे जायला दुसरा रस्ता नाही. त्यांनी कोट बघावा, गाडी थांबवावी, उतरावं, असा त्याचा बेत. जन्मभर तोंडाने न बोललेलं तो आता धाकटीकडून वदवून घेणार होता. मी म्हटलं, "अरे, चार शब्द बोल की त्यापेक्षा." तर साहेब आत येऊन, दार ओढून, मशीनवर बसले. मशीन दाराला लागूनच, उजेडासाठी.

गाडी आली. ही आजकालची गाडी म्हणजे चाकांवर उभी केलेली पेटी, पुढे नाक नाही. आमची गल्ली इतकी अरुंद की जाड माणसाने खोल श्वास घेतला तर समोरच्या गोदामाच्या भिंतीचा रंग पोटाला लागतो. गाडी दोन्हीकडे चार-चार बोटं जागा ठेवून आली, आणि धाकटीसमोर थबकली. बुबुळं वळली. पांढरे पट्टे गल्लीत अंथरले गेले.

"मी तुम्हाला पाहिलं आहे. मी थांबले आहे. आपण जावे."

धाकटी कसली जाते!

गाडीने वाट पाहिली. पुन्हा म्हणाली. तिला शिकवलेलंच तसं, की ज्याचं पाऊल रस्त्यात आहे त्याच्या आधी निघायचं नाही. मास्तरने गडबडीने उठून दार ढकललं. दार बाहेर उघडणारं. चार बोटं उघडलं आणि गाडीच्या अंगाला खटकन लागलं. पुढे नाहीच.

दुकानाला मागचं दार नाही. वरच्या घराचा जिना गल्लीच्या टोकाने. खिडकी आहे, तिला गज. गाडीचं एक दार आमच्या भिंतीला लागून, दुसरं गोदामाच्या. मागे दुसरी गाडी येऊन लागली, तिच्यामागे तिसरी. पुढे गल्ली रिकामी, दुपारची सगळी झोपलेली. आत इस्त्री तापलेली, तिच्या वाफेने काचेवर धुकं. मी स्टुलावरून उठलो, पुन्हा बसलो. जायला जागा नाही म्हटल्यावर माणसाला पहिली आठवण मोरीची होते, तीही झाली.

दाराच्या फटीसमोर नेमकी गाडीची खिडकी. तीही चार बोटंच खाली झाली. त्यापुढे उघडत नाही, प्रवाशांच्या भल्यासाठी. त्या फटीत वहिनींचा एक डोळा आणि अर्धं कुंकू दिसलं.

"कोण आडवं आलंय?" वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी समोर पाहिलं. "धाकटी? हिला बाहेर कोणी काढलं? आणि माझा रुमाल हिच्या डोक्याला?"

मास्तर फटीशी उभा. तोंडात टाचण्या.

"अहो, आत घ्या तिला!"

मास्तरने फटीतून हात घातला, तर धाकटीची पाठ बोटांना लागत होती, पण पकडीत येत नव्हती. मी म्हटलं, "कापड मोजायचा गज घे." त्याने लोखंडी गज घेऊन धाकटीला मागून ढोसली. धाकटी पुढे झुकली आणि परत सरळ झाली, नव्या नवरीने मान डोलवावी तशी.

गाडीला आनंद झाला. "समजलं. सावकाश यावे. घाई नाही." आणि पट्टे आणखी ठळक केले.

"अगं बाई, ती पुतळी आहे!" वहिनी गाडीला ओरडल्या. "कापूस भरलाय तिच्यात, कापूस!"

गाडी म्हणाली, "घाईत असलेले प्रवासी पादचाऱ्यांबद्दल असं बोलतात. कृपया धीर धरावा."

"ऐकलंत? मलाच शहाणपण शिकवतेय!"

मागच्या गाडीत दातांचे डॉक्टर होते. त्यांनी खिडकीला तोंड लावून हाक दिली, "अहो, माझ्या खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडं ठेवून बसलेत! मी पाच मिनिटांत येतो म्हणालो होतो!"

"बरं झालं," वहिनी ओरडल्या, "निदान एका तरी पुरुषाचं तोंड उघडं आहे!"

मागच्या गाड्यांतून हशा झाला. रांग तोवर नदीवरच्या पुलाला लागली होती. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, ती शेजारच्या गावात शिरली होती आणि तिथल्या लोकांनी आपलीच समजून तिच्यात नंबर लावला. मी शपथ घेणार नाही, पण नाकारणारही नाही.

मग वहिनींनी मला विचारलं, "भावजी, आत तुम्ही आहात ना? यातून बाहेर कसं पडायचं?"

मी फटीशी गेलो, लाल तुकडा धरून. "वहिनी, गाडीलाच विचारा. तिला काय केलं की समाधान होईल?"

वहिनींनी विचारलं. गाडी म्हणाली, "पादचाऱ्याला ओलांडायचं नसल्यास त्यांनी हाताने पुढे जाण्याची खूण करावी. थांबवायचं असल्यास तळवा दाखवावा. मी त्यांच्या खुणेची वाट पाहते आहे."

आणि धाकटीला तर हातच नाहीत. जांभळ्या कोटाच्या बाह्या नुसत्याच लोंबत होत्या.

वहिनींनी डोळा फटीच्या पुढच्या कडेला नेला. त्या बाहीकडे बघत होत्या. शिवणारी बाई ती. अडकली असली तरी नजर टाक्यांवर जाणारच. हळूच म्हणाल्या, "हा कोट कोणाचा?"

मास्तरने आतून कोटाची कड ओढून सरळ केली.

"बाह्या कच्च्या धाग्यावर आहेत. आणि काजं? एकही काज नाही." त्यांचा आवाज चढला. "अच्छा! म्हणजे मला निरोपाचा कोट, आणि त्याचीही काजं मीच करायची? जाता जाता तेवढं काम काढून घ्यायचं?"

मास्तरने जोरात मान हलवली. आडवी. पण फटीतून वहिनींना त्याचं नाकच तेवढं दिसत होतं, आणि नाक काय, उभं हललं काय नि आडवं काय.

"मी तुम्हाला पाहिलं आहे," गाडी धाकटीला म्हणाली. "मी थांबले आहे."

"हे बघा!" वहिनी म्हणाल्या. "ह्या गाडीला तोंड नाही, जीव नाही. धाकटीची नि हिची ओळख आत्ताची. तरी बिचारी सांगतेय, मी पाहिलं, मी थांबले, मी निघते. नुसतं सांगतेच आहे! आणि मी एका प्रश्नासाठी तुमच्यासमोर उभी राहिले, तर रेघ ओढलीत. एक नाही, दोन."

मला वाटलं, आता इस्त्रीसुद्धा थंड होईल. मास्तरने हात तोंडाशी नेला. एक टाचणी काढली, मशीनवर ठेवली. दुसरी काढली. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, पण कामाच्या वेळी त्याचे मोकळे ओठ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्यांच्यावर टाचण्यांचे बारीक ठसे पडले होते.

"काजं," मास्तर म्हणाला. घसा खाकरला. "काजं ठेवली. म्हणजे तू थांबशील करायला."

वहिनींचा डोळा फटीत स्थिर झाला.

"एवढ्यासाठी?"

"मला काजं येत नाहीत."

"ते जगाला ठाऊक आहे. पण हे तुम्ही मला सांगायचं कसं, तर धाकटीला रस्त्यात उभी करून?"

"तू बघशील म्हटलं. तू कोट बघतेस."

"आणि हा कोट होईल का मला? धाकटी माझ्या विसाव्या वर्षाच्या मापाची. माझी कंबर आता…"

"होईल," मास्तर म्हणाला.

"माझं माप तुम्ही घेतलंत कधी?"

आता मला बोलायलाच हवं होतं, कारण हा बाबा पुन्हा मुका झाला असता. मी म्हटलं, "वहिनी, धाकटीचं आवरण जरा वर करून बघा कधी. कांद्यासारखे पापुद्रे आहेत. हा वर्षावर्षाला तिला कापसाचा एक पदर लावतो. खांदा उतरला की खांदा उतरवतो. मागे तुमचा गुडघा दुखत होता तेव्हा त्याने हिची एक बाजू खाली केली होती. सगळं नुसत्या नजरेने."

 मग वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मी जाड होत गेले ते तुम्ही बघत होतात, आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर हा कोट शिवायला मी उरलो असतो का?"

हा मास्तरचा विनोद होता. माझ्या माहितीत पहिलाच. वहिनी हसल्या, खिडकी चार बोटंच उघडी, म्हणून हसूही तेवढंच बाहेर आलं. डॉक्टर मागून ओरडले, "काय झालं, सुटलो का?"

"गप बसा हो!" आम्ही तिघंही एकदम म्हणालो.

मग मास्तरने जे केलं ते शिंप्यालाच सुचेल. त्याने आपला काडीसारखा हात फटीतून बाहेर काढला, कोटाच्या मागून कच्चा धागा तोडला, आणि हात धाकटीच्या रिकाम्या बाहीत घातला. बाहीच्या टोकातून त्याचा पंजा बाहेर आला. धाकटीला हात फुटला! गाडीची बुबुळं टपोरी झाली.

"हलव हात," मी म्हटलं. "पुढे जा म्हण. सुटू दे सगळ्यांना."

मास्तरने हात वर केला आणि तळवा दाखवला.

"समजलं," गाडी म्हणाली. "मी इथेच थांबते." आणि तिची दिव्यांची पट्टी विझली. चाकांतून खट्ट आवाज आला, कुलूप पडल्यासारखा.

"अरे गाढवा!" मी ओरडलो. आत इस्त्रीची वाफ, बाहेर गाडी, कमरेला अस्तर, आणि आता तर गाडीनेही अंग टाकलं. मला वाटलं, याच दुकानात, याच लाल तुकड्यात माझं वर्षश्राद्ध होणार.

मास्तर माझ्याकडे बघतही नव्हता. फटीला तोंड लावून म्हणाला, "जाऊ नकोस. राहा."

झालं. एवढंच. पण बाहेर काढायला त्याला जितका वेळ लागला तितक्यात मी एक विजार शिवली असती, आणि मला शिवता येत नाही.

वहिनी लगेच बोलल्या नाहीत, म्हणजे बघा. मग म्हणाल्या, "हे परवा म्हणाला असतात तर मी बॅग भरली नसती. आता तिकडे बायका कापड मांडीवर घेऊन बसल्या असतील. ताई स्टेशनवर येऊन उभी असेल. त्यांना मी येते म्हणून सांगितलंय, आणि मी सांगते ते करते."

मास्तरचा तळवा तसाच हवेत.

"अहो. हात खाली घ्या."

"घेतला तर तू जाशील."

"आणि नाही घेतला तर मी थांबले असं होईल का? गाडी थांबली असं होईल." त्यांचा आवाज मऊ झाला, पण वाकला नाही. "तुम्ही बोललात ते मी ऐकलंय. गेल्यावर विसरणार नाही. पण मला बांधून ठेवू नका. तुमच्या हाताने जाऊ द्या, म्हणजे मला यायला बरं."

मला वाटत होतं, हा नाही हलवायचा हात. सूर्य मावळेल, डॉक्टरचे गृहस्थ तोंड उघडं ठेवून म्हातारे होतील, पण हा नाही हलवायचा. आणि मग जांभळी बाही हळूच हलली. एकदा, दोनदा. जा, पुढे जा.

"आभारी आहे," गाडी धाकटीला म्हणाली. पट्टी पेटली, उजेड पुढे पळायला लागला. वहिनींनी फटीतून ओरडून सांगितलं, "रविवारी येते! धाकटीला पायरीवरच ठेवा, गाडी बरोबर दारात थांबेल! आणि तो कोट द्या इकडे!"

मास्तरने दुसऱ्या हाताने कोट ओढून काढला आणि हलत्या गाडीच्या फटीत कोंबला. घाईत एक बाही त्याच्याच हातावर राहिली. गाडी गेली, कोट गेला, मास्तरच्या दंडावर एक जांभळी बाही.

तुम्ही म्हणाल, आता दार उघडलं. कसलं उघडतंय! वहिनींची गाडी सरकली तशी डॉक्टरांची येऊन त्याच जागी लागली. बुबुळं वळली. "मी तुम्हाला पाहिलं आहे." मास्तरने बाहीचा हात हलवला. तिच्यामागची आली. पुन्हा हात. प्रत्येक गाडी धाकटीला नमस्कार केल्याशिवाय जाईना, आणि मास्तरला हात आत घेता येईना. मी म्हटलं, "बाबा रे, माझ्या विजारीचं बघ." त्याने एक हात फटीत ठेवून, एका हाताने, मशीनवर बसून माझ्या विजारीला टीप मारली. कापड मी धरलं होतं. उजवा पाय चांगला झाला. डाव्याच्या वेळी पुलापलीकडच्या गाड्या आल्या, त्या जरा जास्तच बघत होत्या.

रविवारी वहिनी आल्या. मास्तर सकाळपासून दाराशी, तोंड मोकळं, टाचण्या उशीत खोचलेल्या. धाकटी पायरीवर, नवा रुमाल बांधून. गाडी गल्लीत शिरली आणि धाकटीसमोर नेमकी थांबली, दाराला अंग लावून. वहिनींच्या अंगात जांभळा कोट, एका बाहीचा. काजं अशी की डोळे निवावेत. बटण मात्र एकही लावलेलं नाही. बटणं त्यांनी मुठीत आणली होती.

"बटणं तुम्ही लावायची," वहिनी फटीतून म्हणाल्या. "शिका आता. आणि हात हलवा, मी कोपऱ्यावर उतरून चालत येते. इथे दार उघडणार कुठून?"

हे आधी त्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. गाडी दारात थांबेल हे खरं, पण दारात उतरता येणार नाही.

मास्तर फटीशी स्टूल ओढून बसला.

"हलवतो," म्हणाला. "तिकडे खोली कशी आहे ते आधी सांग. बायका किती आल्या? जेवण कोण करतं?"

"अहो, मागे रांग लागलीय!"

"लागू दे."

मी त्या रांगेत तिसऱ्या गाडीत होतो, डॉक्टरांच्या शेजारी, माझ्या बाजूच्या फटीला कान लावून. राखाडी विजार घालून. डॉक्टर म्हणाले, "आज काय हो, पुन्हा धाकटी?"

मी म्हटलं, "नाही. आज थोरलीच आहे. तुम्ही काच खाली घ्या आणि आरामात बसा."